पुठ्ठ्याच्या बंदुका आणि वडगावचे जनरल



मघाशी तिसरीच्या पोरांनी सैनिकांचं नृत्य केलं. बंदुका पुठ्ठ्याच्या, पण आवेश अस्सल! विंगेत एकाला विचारलं, मोठेपणी कोण होणार? ‘जनरल!’ कतारमधल्या मच्छीमारांच्या या अल रुवैस गावात जनरल! तर बाळा, आजचं भाषण तुझ्यासाठी.

लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात. जन्म १९०६, गाव कोल्हापूरकडचं वडगाव. सँडहर्स्टला शिकून अधिकारी झाले. १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत जपान्यांशी झुंजले, डीएसओ हा लष्करी सन्मान मिळवला. लढाया तुम्ही पडद्यावर भरपूर बघता, म्हणून त्या सोडतो.

मला कोरियातला प्रसंग आवडतो. १९५३ साली तिथलं युद्ध थांबलं, पण २२ हजारांहून अधिक कैदी मायदेशी जायला तयार नव्हते. त्यांना सांभाळायला आपली फौज गेली, थोरात तिचे प्रमुख. आपल्या छावणीचं नाव हिंदनगर. (परमुलखात गेलं की आपण आधी नाव आपलं देतो. इथल्या बिल्डिंगांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांची नावं आठवा!) एके दिवशी चिनी कैद्यांनी आपल्या एका मेजरला पकडून कुंपणाआड डांबलं. चिडलेली गर्दी, बाहेर जवान सज्ज. थोरात हत्यार न घेता आत शिरले आणि मेजरची सुटका करूनच परतले. त्यासाठी त्यांना अशोकचक्र, दुसरा वर्ग मिळाला. आज त्यालाच कीर्तिचक्र म्हणतात.

पण त्याहून अवघड काम पुढेच होतं. पूर्व विभागाचे प्रमुख असताना १९५९ मध्ये त्यांनी लेखी कळवलं, की चीन हल्ला करेल आणि आपली तयारी अपुरी आहे. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ नावाचा युद्धसराव घेऊन तेच नकाशावर मांडून दाखवलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ही भीती फाजील वाटली. लष्करप्रमुख थिमय्यांनी आपल्यामागं थोरातांचंच नाव सुचवलं होतं, पण पद दुसऱ्याला मिळालं. १९६१ मध्ये थोरात निवृत्त होऊन कोल्हापूरला परतले.

दीड वर्षात चीन आलाच. मग पंतप्रधान नेहरूंनी थोरातांना दिल्लीला बोलावलं. तो इशाऱ्याचा कागद मला आधी का दाखवला नाही, असं त्यांनी विचारलं. याचं उत्तर मेननच देऊ शकतील, असं थोरातांनी सांगितलं.

चला, बक्षिसं वाटायची आहेत. तो तिसरीतला जनरल आहे कुठं? बंदूक मित्राकडे दे आणि ये वर!