जॉइंट मशीनचा, मळी आमची

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



हा बोर्ड आधी हातोहात फिरवा, मग ऐका. एका जुन्या यूपीएसमधला आहे. वर बारीक दाणे दिसतात ना, ते बोर्डाच्या अंगावरच बसवलेत. आणि हे मोठे भाग पायवाले. त्यांचे पाय भोकातून खाली उतरलेत. उलटा करा. प्रत्येक पायाशी एक चकचकीत थेंब आहे. आपल्या आज्या फुटक्या भांड्याला डाख लावून आणायच्या, तोच हा डाख. फक्त कारखान्यात गेला आणि त्याचं सोल्डरिंग झालं.

मी १९८९ साली अंधेरी पूर्वेला एका कारखान्यात लागले. सीप्झ १९७३ पासून होतंच, त्याच्या आसपास आमच्यासारखे लहान कारखाने भरपूर. लांब टेबल, दोन्ही बाजूंना पोरी, हातात तापलेलं आयर्न. टोक साडेतीनशे डिग्री. तारेत साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं, आणि तारेच्या पोटात राळ. टोक लागलं की राळेचा धूर सरळ नाकात. या धुराने दमा होतो, हे डॉक्टरी पुस्तकात लिहिलेलं आहे. आमच्या टेबलावर लिहिलेलं नव्हतं. शिसं धुरातून कमी आणि हातातून तोंडात जास्त जातं, हेही कुणी सांगितलं नाही. आम्ही त्याच हाताने डबा खायचो.

पण काम हातात बसलं होतं. दोन-तीन सेकंदांत जॉइंट. कमी धरलं तर ड्राय, जास्त धरलं तर तांबं उचकटतं. हे कुणी मोजून शिकवत नाही, बोटांना कळतं. साहेब माझा बोर्ड उजेडात धरून म्हणायचा, ‘मशीनने केल्यासारखं आहे.’ मला बरं वाटायचं. काय मूर्ख होते मी!

१९९४ ला मशीन आलंच. वेव्ह सोल्डरिंग. एक मोठी कढई, तीत अडीचशे डिग्रीचा पातळ डाख, आणि पंप तो खालून उसळवतो, म्हणजे लाट तयार होते. पट्ट्यावरून बोर्ड येतो, आधी त्याला फ्लक्स मारतात, मग शेकवतात, मग किंचित चढावर तो लाटेच्या माथ्याला पोट घासून जातो. तीन-चार सेकंद. आमच्या तासाभराचे जॉइंट तेवढ्यात. मी बघत उभी राहिले. खरं सांगते, सुंदर दिसतं ते.

आता मुद्द्याचं. त्या मशीनपाशी दोन कामं निघाली. एक सेटिंगचं, म्हणजे पट्ट्याचा वेग, शेक आणि लाटेची उंची. त्याचा तक्ता केबिनमध्ये, कुलपात. दुसरं काम मळी काढायचं. तापलेल्या डाखाला हवा लागली की वर राखाडी मळी धरते, ड्रॉस म्हणतात. ती झाऱ्याने काढावी लागते, आणि तिची धूळ म्हणजे शिशाची धूळ. सेटिंगवर कोण गेलं आणि मळीवर कोण, हे हजेरीपटातली आडनावं वाचली की कळत होतं. मळीवर आम्ही तिघी आणि एक पोरगा. चौघंही आपल्या वस्त्यांतले. मास्क मागितला तर म्हणाले, ओढणी बांधा. नवं कोरं परदेशी मशीन, आणि त्याच्या बुडाशी गावकुसाबाहेरचं तेच जुनं काम!

मग मी तक्ता चोरला. कागद नाही चोरला, डोळ्यांनी चोरला. दोन पायांत डाखाचा पूल झाला की सेटर काय फिरवतो, भोक भरलं नाही की शेक किती वाढवतो, हे मळी काढता काढता पाठ केलं. झाऱ्यावाल्या बाईकडे कोण बघतं?

२००१ मध्ये तो कारखाना बंद पडला. पुढच्या वर्षी ठेकेदारामार्फत महापेला गेले. तिथे हे बारीक दाणेवालं काम. स्टेन्सिलमधून डाखाची पेस्ट छापायची, मशीन दाणे उचलून पेस्टवर ठेवतं, आणि बोर्ड भट्टीतून जातो. एका मशीनकडून दुसऱ्याकडे बोर्ड नेणाऱ्या आम्ही सहाजणी. वर्षभरात मध्ये पट्टे बसले. सुरुवातीला कप्प्यांचं कपाट, त्यातून लोडर एकेक बोर्ड ढकलतो. मागचं मशीन तारेवरून सांगतं, माझ्याकडे बोर्ड आहे. पुढचं सांगतं, मी मोकळं आहे. दोघांचं जमलं की पट्टा फिरतो. मॅनेजर म्हणाला, हात लागला की पेस्ट फिसकटते, अंगातल्या विजेने चिप मरते. हे खोटं नाही. माझ्या हातून मेल्यात. पण सहाजणी कुठे गेल्या, हे त्या तारेवरून कुणी विचारलं नाही. पाचजणींना ठेकेदाराने महिनाअखेर सांगितलं, उद्यापासून नको. कपाट भरायला मी उरले.

आणि मग गंमत झाली. १ जुलै २००६ पासून युरोपने शिसं बंद केलं. आमचा माल तिकडे जायचा. नवा डाख कथील, तीन टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांब्याचा. जुना १८३ डिग्रीला वितळायचा, हा २१७ पर्यंत हलत नाही. सगळे जुने तक्ते एका दिवसात रद्दी! केबिनमधले साहेब आणि मी एकाच बाकावर आलो. दाणे एका टोकावर उभे राहायला लागले, थडग्याच्या दगडासारखे. एक टोक आधी वितळलं की ते दाण्याला ओढून उभं करतं. मी म्हटलं, वितळायच्या आधीचा चढ सावकाश घ्या, दोन्ही टोकं बरोबर तापू द्या. वेव्हपाशी शिकलेली अक्कल. दुसऱ्या दिवशी साहेबाने थर्मोकपल माझ्या हातात दिलं. ठेका सुटायला मात्र आणखी चार वर्षं गेली.

मशीनला शिव्या देणारे आपल्यात आहेत, मशीनची आरती ओवाळणारेही आहेत. दोघांनाही मी विचारते, मळी कोण काढतंय, ते जाऊन बघितलं का?

पुढच्या रविवारी मी थर्मोकपल आणि रेकॉर्डर आणते. भंगारातला एखादा मेलेला बोर्ड आणि उष्णतेला टिकणारी टेप तुम्ही आणा. भट्टी नाही, हॉट एअरवर करू. तक्ता आपला आपण काढू. पोरींनी पुढे बसायचं.