गोळ्यांची बाटली आणि आपले ताट
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



म्हातारपणच्या विसराविषयी मला आज चार शब्द बोलावयाचे आहेत. मी काही डॉक्टरीण नव्हे. परंतु सासूबाईंना हा आजार झाल्यापासून जे वाचले, विचारले, ते तुमच्यापुढे ठेवते.

गॅसवर दूध ठेवून विसरणे निराळे, आणि चहा कसा करतात हेच न आठवणे निराळे. या दुसऱ्या प्रकारच्या आजाराचे वर्णन १९०६ साली आल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी केले, म्हणून त्याला त्यांचेच नाव पडले.

आमच्याकडे येणारा जो तो अँटिऑक्सिडंट गोळ्या सुचवतो. सफरचंद चिरून ठेवले की काळे पडते, लिंबू चोळले तर पडत नाही. शरीरातही प्राणवायूमुळे पेशींची अशीच काहीशी झीज होते, व ‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वे ती आवरतात. तेव्हा गोळ्यांनी मेंदू शाबूत राहील, असे कोणालाही वाटेल.

पण तसे दिसून आले नाही. अमेरिकेत सुमारे ७,५०० वयस्क पुरुषांवर ‘ई’ जीवनसत्त्व व सेलेनियम यांची कित्येक वर्षे चाचणी झाली. २०१७ साली निकाल आला, की या गोळ्यांनी आजार टळत नाही. आजार आधीच जडलेल्या रोग्यांना ‘ई’ची मोठी मात्रा दिली, तेव्हा रोजच्या कामांतील घसरण थोडी मंदावली, असे २०१४ साली आढळले, स्मरणशक्ती मात्र सुधारली नाही. शिवाय रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर अशी मात्रा धोक्याची. म्हणून डॉक्टरांना विचारल्यावाचून बाटली घरात आणू नये.

मग आहाराचे काय? फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांपैकी निम्म्यांना दोन वर्षे सकस आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाबावर लक्ष अशी शिस्त लावली. त्यांची बुद्धी इतरांपेक्षा अधिक तल्लख राहिली, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे ताट हवेच, पण त्याच्या जोडीला बाकीचेही हवे.

भगिनींनो, पालेभाजी, मोडाची उसळ, शेंगदाणे, जवसाची चटणी, आवळा हे सारे आपण घरात करतोच. पण सर्वांना वाढून आपण पानावर बसतो, तेव्हा पातेल्यात काय उरते? लोणचे आणि भाकरी! डॉक्टर सांगतात, की लक्षणे दिसण्यापूर्वी पंधरा-वीस वर्षे हा आजार मेंदूत शिरलेला असतो. म्हणजे काळजी घेण्याचे वय साठीचे नव्हे, आपलेच आहे. तेव्हा भाजी उतरवताच आपली वाटी आधी काढून ठेवा. यात आपमतलबीपणा नाही. रोज चाला, रक्तदाब व साखर तपासून घ्या, कमी ऐकू येत असेल तर कानाला यंत्र लावण्यास लाजू नका, आणि घरात एकट्या बसून न राहता मंडळात येत जा.