टीपीआरमधला ‘आर’



परिचर्येच्या पायाभूत ज्ञानावर दोन दिवस बोलणं होईल. मी आयुष्यभर वॉर्डात राबलेली बाई, म्हणून टीपीआर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वसनाच्या चार्टबद्दलच बोलते. ताप थर्मामीटर सांगतो, नाडी ऑक्सिमीटर दाखवतो. साध्या वॉर्डात श्वास मात्र आपला आपणच मोजावा लागतो, आणि चालढकल होते ती तिथेच. चार्ट चाळा: ओळीने सगळ्या खाटांवर श्वसन २०. न्यूमोनियाचे आजोबाही २० आणि हर्नियाचं ऑपरेशन झालेला तरणा पोरगाही २०! मोजलेलं नसतं, भरलेलं असतं. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २०. पेशंट खालावू लागला, की पुष्कळदा बीपी पडण्याआधी श्वास वाढतो. नेमका तोच रकाना आपण अंदाजाने रंगवतो.

नाडी मोजून झाली तरी मनगट सोडू नका, फक्त नजर छातीकडे न्या. ‘तुमचा श्वास मोजते हं’ म्हटलं, की माणूस निराळाच श्वास घ्यायला लागतो. बाळ असेल तर रडणं थांबू द्या, झबलं वर करा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. अर्ध्या मिनिटाची दुप्पट करू नका. तान्ह्याचा श्वास मध्येच थबकतो, मग धावतो. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त भरला, तर लगेच डॉक्टरांना कळवा.

याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने निरक्षर दायांसाठी श्वास मोजायचं साधन केलं. एका मिनिटाची वाळू आणि काही मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी ठरलेले मणी सरकले, तर न्यूमोनिया समजायचा. गावातच निदान आणि औषध मिळू लागल्यावर बालमृत्यू घटले, हे १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. त्या दायांना चार्ट भरायचा नव्हता, म्हणून त्या खरंच मोजत.

पहिलं प्रात्यक्षिक श्वास मोजण्याचंच आहे. सेकंदकाट्याचं घड्याळ नसेल तर मोबाइल चालेल, पण फक्त त्यासाठीच. जेवण दीड वाजता, पाटवडीचा रस्सा आणि भात. रस्सा झणझणीत आहे, बाहेरगावच्यांनी बेताने घ्या. आता उद्घाटकांना विनंती करते, दीपप्रज्वलन करावं.