प्रतिनिधी कोणाचा?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या मळमड्डीत बोलावयास उभे राहताना संकोच वाटतो. मी भाषेचा अध्यापक; राज्यशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु एका शब्दाचे बोट धरून आज राज्यकारभारापर्यंत जाण्याचा मानस आहे. तो शब्द म्हणजे ‘प्रतिनिधी’.

छत्रपती राजाराम महाराजांनी जिंजीच्या मुक्कामी हे पद निर्माण केले. पहिले प्रतिनिधी प्रल्हाद निराजी. पुढे हे पद परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात स्थिरावले. औंधचे पंतप्रतिनिधी ते हेच. छत्रपतींच्या वतीने कारभार पाहणारा, असा या शब्दाचा मूळ अर्थ. त्याचे तोंड सिंहासनाकडे. रयतेने त्याला निवडले नव्हते.

इंग्रजी अमदानीत औंध हे सुमारे ५०० चौरस मैलांचे, ७२ गावांचे संस्थान उरले. अंतर्गत कारभारात त्याला स्वायत्तता होती. कारभारी राजाला जबाबदार आणि राजा सार्वभौम सत्तेला, अशी ती उतरंड होती. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ती आपल्या हाताने उलटी केली. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांच्या खटपटीने व महात्मा गांधींच्या सल्ल्याने जानेवारी १९३९ मध्ये औंधला नवी राज्यघटना मिळाली.

तिचा पाया गावात होता. गावाने पंचायत निवडावयाची. गावपंचायतींतून तालुक्याची पंचायत, तालुक्यांतून विधिमंडळ, आणि विधिमंडळाला जबाबदार असे मंत्री. महसुलाचा मोठा वाटा गावातच खर्च व्हावयाचा आणि लहानसहान तंटेही गावातच मिटावयाचे. मंत्र्याच्या खुर्चीची प्रतिष्ठा त्यामुळे कमी झाली का? माझ्या मते, तिला प्रथमच बैठक लाभली.

आपणा धारवाडकरांना यात एक जवळची गोष्ट आहे. औंधचा मुलूख सलग नव्हता. आटपाडी एकीकडे, कुंडल दुसरीकडे, आणि गुणदाळ तर थेट विजापूर जिल्ह्यात, कानडी मुलखात. कानडी बोलणारा शेतकरी आणि माणदेशातला मराठी शेतकरी एकाच मंत्रिमंडळाला जाब विचारू शकत होते. भाषा निराळी असली, तरी प्रश्न विचारण्याचा अधिकार एकच होता.

८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. विलीनीकरण योग्यच होते. परंतु त्याबरोबर तो प्रयोगही संपला. पुढे कर्नाटकाने १९८३ च्या कायद्याने जिल्हा परिषदा व मंडल पंचायती उभ्या केल्या, आणि १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती देशभर अमलात आली. ईशान्येकडील स्वायत्त जिल्हा परिषदांना घटनेच्या सहाव्या अनुसूचीने कार्यकारी समिती दिली आहे. तिचा मुख्य कार्यकारी सदस्य परिषदच निवडते. तरीही या सर्व ठिकाणी औंधचाच प्रश्न उभा राहतो. कारभाऱ्याचे तोंड कोणीकडे? वरच्या सरकारकडे, की खालच्या माणसाकडे?

हे मी दुसऱ्यांना विचारतो. पण स्वतः या परीक्षेत उतरलो नाही, हे आज सांगितलेच पाहिजे. विभागप्रमुख असताना, विद्यार्थिसंख्या घटल्यामुळे मराठीचा एक वर्ग बंद करावा, असा आदेश वरून आला. मी तो मुकाट्याने फलकावर लावला. दोन दिवसांनी एक विद्यार्थिनी आली. “सर, तुमचं म्हणणं वरून आम्हांला कळलं. आमचं म्हणणं वर कोण कळवणार?” एवढेच तिने विचारले. माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी जुन्या अर्थाचा प्रतिनिधी झालो होतो. वर्ग कदाचित तरीही बंद झाला असता; परंतु तिचे म्हणणे वर पोहोचविणे माझे काम होते, आणि ते मी केले नाही.

एका राजाने आपल्या पदवीचा अर्थ पालटून दाखविला. त्यासाठी त्याला स्वतःची सत्ता सोडावी लागली. आपल्यापैकी पुष्कळजण संस्था चालवितात, समित्यांवर बसतात, कुटुंबाचा कारभार पाहतात. तेथे राजसंन्यासाची गरज नाही. निर्णयापूर्वी, ज्यांच्यावर तो लादला जाणार त्यांना बोलते करावे आणि त्यांचे बोलणे वर न्यावे, एवढे केले तरी पुरे.