नवी पेटी, जुना कप्पा

(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



आजच्या दिवशी कोणी तरी विद्वान बाईंनी बोलावे अशी माझी इच्छा होती. पण चिटणीसबाईंनी माझे नाव घातले आणि वर 'घरगुती विषयावर बोला, म्हणजे झाले' असा दिलासाही दिला. तेव्हा मी माझ्या आरशाखालच्या कप्प्याविषयीच बोलणार आहे. विषय लहान आहे खरा. पण असा एक कप्पा आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी असेल, म्हणून धीर करते.

गेल्या फेब्रुवारीत माझ्या वाढदिवसाला सूनबाईने मला सौंदर्यप्रसाधनांच्या पेटीची तीन महिन्यांची वर्गणी भेट दिली. मासिकाची वर्गणी भरावी तशीच ही. दर महिन्याला एक पेटी घरी येते, आत पाच वस्तू. कोणत्या, ते उघडेपर्यंत पुरते ठाऊक नसते. न्यूयॉर्कमध्ये दोन मैत्रिणींनी २०१० साली 'बर्चबॉक्स' या नावाने असा व्यवसाय काढला. महिना दहा डॉलर भरावे, निरनिराळ्या कंपन्यांचे लहान लहान नमुने घरपोच मिळावे आणि आवडेल त्याची मोठी बाटली विकत घ्यावी, असा तो व्यवहार. पुढे तशा पेट्या आपल्या देशातही निघाल्या.

पहिली पेटी आली तेव्हा मला लहान मुलीसारखा आनंद झाला, हे कबूल करते. पण वस्तू ठेवायला कप्पा उघडला, तर त्यात बोट घालायला जागा नाही! मग सारे काही पलंगावर ओतले आणि मोजले. त्रेचाळीस वस्तू निघाल्या. त्यांत लिपस्टिकच अकरा. माझ्या आजीची फणेरपेटी मला आठवली. झाकणात आरसा, आत फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी. एवढ्यावर तिचा जन्म गेला. तिला निवड करायला नव्हते हेही खरेच, त्यामुळे तिचे फार कौतुक करून आपल्याला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण तिच्या पेटीतली प्रत्येक वस्तू संपत असे, हे मात्र खरे.

मी एक नियम केला. पेटीतली नवी वस्तू तेव्हाच फोडायची, जेव्हा त्याच जातीची जुनी संपेल. आधी जुन्या वस्तूंवरच्या तारखा चष्मा लावून वाचल्या. मागच्या बाजूला उघड्या डबीचे एक बारीकसे चित्र असते आणि त्यात सहा किंवा बारा असा आकडा. वस्तू उघडल्यापासून तितके महिने वापरावी, असा त्याचा अर्थ. कोरड्या पावडरीत पाणी नसते, म्हणून ती बरीच टिकते. पापण्यांना लावायच्या मस्कऱ्याची कांडी मात्र दर वेळी डोळ्यापाशी जाऊन पुन्हा नळीत शिरते आणि जंतूही आत नेते. तो तीनेक महिन्यांत बदलावा, हे बरे. लिपस्टिकमध्ये तेल आणि मेण असते. ते जुने झाले की शेंगदाण्यासारखा खवट वास येतो.

अशा बारा वस्तू बाद झाल्या. त्यांतली एक माझ्या धाकट्या बहिणीने दुबईहून आणलेली लिपस्टिक होती. देताना ती म्हणाली होती, "ताई, ही लाव हं. ठेवून देऊ नकोस." मी ठेवून दिली. मुलाच्या लग्नात लावू म्हटले. लग्नात रंग भडक वाटला. पुढे बघू म्हटले, आणि तेवढ्यात बहीणच गेली. त्या दिवशी नळी प्रथमच उघडली, तर खवट वास. भगिनींनो, ती हिशेबातून बाद केली, पण टाकवली नाही. ती लावून मी तिच्यासमोर एकदा उभी राहिले असते, तर तिला किती बरे वाटले असते!

त्यानंतर मी नेटाने संपवायला लागले. लिपस्टिकचे बूड आगकाडीने कोरून लहानशा डबीत काढले, तर ते आणखी तीन आठवडे पुरले. क्रीमची नळी कात्रीने कापली, तर आत चार-पाच दिवसांचा ऐवज. न शोभणारे दोन रंग एकत्र केले, तर तिसरा छान निघाला.

तीन महिन्यांनी हिशेब मांडला. त्रेचाळीसांतून बारा गेल्या, राहिल्या एकतीस. संपल्या सात, राहिल्या चोवीस. पेट्यांतून आल्या पंधरा, झाल्या एकोणचाळीस! तीन महिन्यांत मी सात संपवते आणि पंधरा येतात, तर कप्पा रिकामा कसा व्हावा? शिवाय पंधरांतल्या काही माझ्या सावळ्या वर्णाला शोभणाऱ्याही नव्हत्या. तेव्हा कळले की, मला हौस होती ती पेटी उघडण्याची, वस्तू लावण्याची नव्हे.

सूनबाईला पुढची वर्गणी भरायची होती. 'नको' म्हणावे तर तिचे मन मोडेल, ही धास्ती. शेवटी हिशेबाचा कागदच तिच्यापुढे ठेवला. तिने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "आई, माझा कप्पा तर तुम्ही पाहिलाच नाही!" मग दोघींनी मिळून तोही उपसला.

पेटी बंद होऊन आता आठ महिने झाले. न फोडलेल्या पाच वस्तू भाचीला दिल्या, सोळा संपवल्या. कप्प्यात आज अठरा उरल्या आहेत. पेटी वाईट, असे मी म्हणत नाही. जिचा कप्पा रिकामा आहे, तिने ती अवश्य घ्यावी. नमुना लहान असतो, तो संपतो तरी.

आज आपण वाण लुटणार आहोत. देणारीला माझी विनंती, संपेल असेच काही द्या. आणि घेणारीला विनंती, ते उद्याच वापरायला काढा. देणारी समोर असतानाच वापरा. आणखी काय सांगू?

तिळगूळ घ्या, गोड बोला.