शंभरातले पंचवीस

बेंगळूरच्या पूर्वेस महादेवपुरा नावाचा विस्तीर्ण भाग आहे. २००७ साली सात नगरपालिका, एक नगरपंचायत आणि ११० खेडी बेंगळूरच्या महापालिकेत विलीन झाली, त्यांतील एक नगरपालिका महादेवपुऱ्याची होती. शेजारच्या व्हाइटफील्डमध्ये संगणक-उद्योगाची संकुले त्यापूर्वीच उभी राहिली होती. तेथे नोकरीस आलेला मराठी तरुण काही वर्षे घरभाडे भरतो आणि मग त्याच्या मनात येते, की एखादी सदनिका घेऊन आपणच भाडे का घेऊ नये? प्रश्न उरतो तो पैशाचा.

पैसा बँक देईल, असा सर्वसाधारण समज आहे. तो पाऊणच खरा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मोठ्या गृहकर्जाची मर्यादा किमतीच्या ७५ टक्के असते. एक कोटीच्या सदनिकेवर फार तर ७५ लाख मिळतात. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरली जात नाहीत. कर्नाटकात अशा सदनिकेला मुद्रांक शुल्क ५ टक्के व त्यावर उपकर. नोंदणी फी तर ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस एकावरून दोन टक्के झाली. म्हणजे साडेबत्तीस लाखांहून अधिक रक्कम पदरची हवी.

येथेच बहुतेकांचा पाय घसरतो. ही रक्कम वैयक्तिक कर्ज काढून उभी केली जाते, किंवा गावाकडचे घर गहाण पडते, वडिलांची ग्रॅच्युइटी खर्ची पडते. ७५ लाखांचा वीस वर्षांचा हप्ता साडेआठ टक्के दराने महिन्यास सुमारे ६५ हजार होतो. भाडे ३५ हजार आले असे धरले, तरी ३० हजार पगारातूनच भरावयाचे. त्यावर दुसऱ्या कर्जाचा हप्ता! नोकरी गेली तर गहाण पडलेले घर वृद्ध आईवडिलांचे असते.

त्यापेक्षा कमावत्या भावाबहिणींनी मिळून सहकर्जदार व्हावे, हे बरे. ज्याच्याजवळ लाख-दोन लाखच आहेत, त्याला स्थावर संपत्तीच्या विश्वस्त निधीचा मार्ग आहे. देशातील असा पहिला निधी, एम्बसी ऑफिस पार्क्स, २०१९ साली शेअरबाजारात आला, तो बेंगळूरचाच. २०२१ पासून त्याचा एकेक भागही विकत घेता येतो.

दलाल मात्र निराळेच सुचवितो. ‘बँकेची कटकट कशाला? पैसे बाहेरून मिळवून देतो.’ अशा वेळी मालमत्तेचे खाते ‘अ’ आहे की ‘ब’, हे आधी पाहावे. बिनशेती परवानगी वा मंजूर आराखडा नसलेल्या पुष्कळ मालमत्ता ‘ब’ नोंदवहीत आहेत, आणि त्यांवर कर्ज देण्यास बँका सहसा नाखूष असतात. बँकेचा नकार म्हणजे फुकट मिळालेला वकिली सल्लाच होय. म्हणून विसार देण्यापूर्वीच कागदपत्रे बँकेस दाखवावीत. शिवाय, नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारण्यास विकासकाला २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या १३ व्या कलमाने मनाई आहे.