ॲल्युमिनियमची चकाकी आणि इंजिनाची काळजी



गावच्या स्टँडवर उभ्या असलेल्या एखाद्या जुन्या जीपचे बॉनेट उघडून पाहा. इंजिनाच्या एका अंगाला फाटे फुटलेली एक नळी दिसेल. एअर फिल्टरमधून गाळून आलेली हवा हीच नळी प्रत्येक सिलिंडरला वाटून देते. कारागीर तिला इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. अलीकडच्या पुष्कळ मोटारींत ती प्लॅस्टिकची असते. पण जुन्या मोटारींत, आणि अजूनही बऱ्याच इंजिनांत, ती ओतीव ॲल्युमिनियमची असते. नवी असताना रुपेरी दिसते. चार पावसाळे गेले, की राखाडी पडते, पांढरे डाग धरते, तेलमातीचे किटण बसते. मग मालकाच्या मनात येते, हिला घासून लखलखीत करावी, नाहीतर रंग तरी द्यावा. करायला हरकत नाही. पण एवढे ध्यानात असू द्या, की या कामात आत राहिलेली चिमूटभर वाळू अख्खे इंजिन खाऊ शकते. ज्याचे पोट त्या गाडीवर आहे, त्याला हे फार महागात पडते.

आधी या धातूचा स्वभाव पाहू. ॲल्युमिनियम वजनाला लोखंडाच्या साधारण एक-तृतीयांश. राइट बंधूंनी 1903 साली जे विमान उडवले, त्याच्या इंजिनाचा मुख्य ओतीव भाग हलका व्हावा म्हणून ॲल्युमिनियमचाच केला होता. पण या धातूचा खरा गुण त्याच्या कातडीत आहे. ॲल्युमिनियम उघडे पडले, की हवेतला प्राणवायू त्याला लगेच धरतो आणि वर एक पातळ पापुद्रा तयार होतो. किती पातळ? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातले चार-पाच भाग. हाही एक गंजच, बरं का! पण लोखंडाचा गंज सुटून पडतो आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. ॲल्युमिनियमचा गंज अंगाला घट्ट चिकटतो आणि आतल्या धातूची राखण करतो. तेव्हा तुमचा मॅनिफोल्ड जरासा मंद, राखाडी दिसत असेल, तर तो बिघडला असे समजू नका. त्याने आपले चिलखत घातले आहे, एवढेच.

हे चिलखत दोन गोष्टींपुढे टिकत नाही. एक मीठ. म्हणून कोकणच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमवर पांढरे फोड येतात. दुसरी गोष्ट म्हणजे खार. आपल्या मायबहिणींना हे ठाऊक आहे: ॲल्युमिनियमचे पातेले धुण्याच्या सोड्याने घासले, की काळवंडते. कॉस्टिक सोडा तर त्याला चक्क विरघळवतो, आणि त्यातून हायड्रोजन हा पेट घेणारा वायू निघतो. म्हणून किटण काढायला मॅनिफोल्ड कॉस्टिकच्या पाण्यात टाकू नका.

शिक्षक मंडळींना हे वर्गात दाखवता येईल. पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाचे दोन तुकडे घ्या. एक साध्या पाण्यात ठेवा, दुसरा चुन्याच्या ताज्या निवळीत. काही वेळाने निवळीतल्या तुकड्यावर बारीक बुडबुडे दिसू लागतील. भांडे उघडे ठेवा, जवळ दिवा-काडी नको, आणि निवळी डोळ्यांत उडू देऊ नका. बांधकामाच्या हलक्या सच्छिद्र विटा याच युक्तीने करतात. सिमेंट-चुन्याच्या कालवणात ॲल्युमिनियमची भुकटी मिसळली, की वायू सुटतो आणि कालवण इडलीच्या पिठासारखे फुगते.

आता चकाकीचे दोन मार्ग. घरचेच उदाहरण घ्या. पितळेचा तांब्या आपण चिंचेने घासून उजळतो, आणि पातेल्याला आतून कल्हई करतो. घासणे म्हणजे पॉलिश; कल्हई म्हणजे लेप. मॅनिफोल्डचेही असेच आहे.

पॉलिश करायचे तर तो आधी इंजिनावरून उतरवा. इंजिनावर ठेवून घासला, तर कचरा सिलिंडरात जाणारच. रॉकेल किंवा डिझेलने किटण धुवा, मग साबणाच्या पाण्याने. सगळी तोंडे चिकटपट्टीने बंद करा. पोलादी तारेचा ब्रश वापरू नका. लोखंडाचे कण मऊ धातूत रुततात आणि पुढे तांबूस डाग देतात. मग 120 नंबरच्या पॉलिश पेपरपासून 240, 400, 600 असे चढत जा. प्रत्येक वेळी घासण्याची दिशा बदला, आणि आधीचे ओरखडे पुरते गेल्याशिवाय पुढचा कागद घेऊ नका. घाई इथेच नडते. शेवटी कापडी चाकावर पॉलिशची वडी लावून उजळा. वस्तू चाकाच्या मध्याच्या खालीच धरा. वरच्या कडेला लागली, तर चाक ती हिसकावून अंगावर फेकते.

डोळ्यांना चष्मा आणि नाकाला नीट बसणारा मुखवटा हवाच. ॲल्युमिनियमची बारीक भुकटी पेट घेते. ज्या यंत्रावर लोखंड घासता, त्यावर ॲल्युमिनियम घासू नका. लोखंडाच्या ठिणग्या आणि ही भुकटी यांचे जमत नाही. चुकून पेटलीच, तर पाणी ओतू नका, कोरडी वाळू टाका. आणखी एक. झटपट चकाकी देणाऱ्या काही द्रवांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते कातडीतून आत शिरून हाडापर्यंत जाते, आणि कधीकधी दुखणे तासातासांनी सुरू होते. गावातल्या पोरांच्या हाती अशी बाटली मुळीच देऊ नका.

पण ही चकाकी टिकते का? नाही. नवा पापुद्रा धरतो आणि तेज उतरते. तांब्यासारखेच, पुन्हापुन्हा घासावे लागते.

म्हणून दुसरा मार्ग लेपाचा. कल्हईवाला आधी भांडे स्वच्छ करतो, तापवतो, नवसागर टाकतो, मगच कथील धरते. मळक्या भांड्यावर कल्हई बसत नाही. तसेच इथे. साधा तेलरंग ॲल्युमिनियमवरून पापुद्र्याने सुटतो. ॲल्युमिनियमसाठी केलेला प्रायमर आधी हवा आणि वर उष्णता सोसणारा रंग. आरशासारख्या गुळगुळीत केलेल्या अंगावर रंगाला पकड मिळत नाही, हेही विसरू नका. पावडर कोटिंगमध्ये कोरडी पूड विजेच्या भाराने चिकटवून सुमारे 180 ते 200 अंश सेल्सियसला भाजतात. ते टिकाऊ असते. ॲनोडायझिंगमध्ये गंधकाम्लात वीज सोडून तोच नैसर्गिक पापुद्रा हजारो पट जाड करतात. पण साच्यात धातू नीट वाहावा म्हणून ओतीव ॲल्युमिनियममध्ये सिलिकन घातलेले असते. त्यामुळे त्यावर हे काम करडे, मंद उतरते. चकाकी हवी असेल त्याने यामागे लागू नये.

आता मुख्य पथ्य. गॅस्केट बसते ती सपाट तोंडे घासू नका आणि त्यांवर लेपही नको. तिथे बारीक फट राहिली, की चोरून हवा आत शिरते, आणि गाडी उभी असता इंजिन थरथरते. आतूनही आरसा करण्याच्या भरीस पडू नका. कार्ब्युरेटरच्या गाडीत आतला जरासा खरखरीतपणा पेट्रोलचे थेंब हवेत मिसळायला मदतच करतो. वाळूचा मारा करून साफ करून घेतला असेल, तर प्रत्येक फाटा धुवा, हवा मारा, पुन्हा धुवा, आणि उजेडात धरून आत पाहा. जोडताना नवे गॅस्केट घाला.

थोडक्यात, मंडळी, वाहन रोज राबणारे असेल, तर मॅनिफोल्ड स्वच्छ धुतलेला असणे पुरे. हौस असेल, तर पॉलिश करा आणि पुन्हा घासायची तयारी ठेवा. खाऱ्या हवेत राहत असाल, तर लेप बरा. वरून तो कसाही दिसो. आतून स्वच्छ आणि जोडात घट्ट असला, म्हणजे इंजिन तुमची साथ सोडणार नाही.